पश्चिमेच्या विटांच्या भिंतीवरील पावसाचे डाग: आधी पाण्याची वाट, मग डाग

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात गोडोलीच्या बाजूला २०११ साली बांधलेले आपले दुमजली घर आहे. त्याच्या भिंती बाहेरून गिलावा न करता उघड्या विटांच्या ठेवल्या असून फक्त दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरलेल्या आहेत. गेल्या तीन पावसाळ्यांपासून पश्चिमेच्या भिंतीवर डाग वाढत आहेत. गच्चीच्या कठड्याखाली काळे ओघळ आहेत, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीखाली पांढरा थर आहे, बाल्कनीच्या कडेला तांबूस पट्टा आहे आणि जोत्यालगत हिरवट-मळकट पट्टी आहे. रंगकाम करणाऱ्याने भिंत अ‍ॅसिडने धुऊन तिच्यावर चकचकीत पारदर्शक कोट मारायला सांगितले आहे. तो सल्ला मानावा की सरळ गिलावा करून टाकावा, असे आपण विचारले आहे.

आपण हे सप्टेंबरअखेरीस विचारलेत, हे बरे झाले, कारण भिंत अजून ओली आहे आणि डाग जागच्या जागी आहेत. या घडीला अ‍ॅसिड, कोट आणि गिलावा यांपैकी काहीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डागाची जागा, आकार आणि रंग पाहून पाणी कोठून आले हे बहुतेक वेळा सांगता येते. भिंत एकदा धुतली की ती खूण जाते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत शोध घ्यायला हाती काही उरत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे दिवसाउजेडी पूर्ण भिंतीची आणि प्रत्येक डागाची जवळून छायाचित्रे घेणे, आणि डाग कोणत्या थरापासून सुरू होतो व कोठे संपतो हे वीट मोजून लिहून ठेवणे.

अ‍ॅसिडबद्दल मी इतक्या ठामपणे बोलतो, त्यामागे स्वतः केलेली चूक आहे. उमेदवारीच्या काळात कराडजवळच्या एका बंगल्याची अशीच पांढरी पडलेली भिंत मी अ‍ॅसिडने धुऊन घेतली होती. दिवाळीत ती नव्यासारखी लाल दिसली आणि घरमालकांनी माझे कौतुकही केले. पुढच्या गणपतीपर्यंत तोच पांढरा थर दुप्पट जागेवर परत आला, दर्जांमधला सिमेंटचा माल बोटाने उकरता येण्याइतका भुसभुशीत झाला, आणि खिडक्यांच्या गजांना कधी नव्हे तो गंज चढला. बाजारात फरशी आणि संडास धुण्यासाठी मिळणारे अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते दर्जेतला चुना आणि सिमेंट विरघळवते आणि मागे क्लोराइडचे क्षार सोडते. म्हणजे क्षार काढायला गेलो आणि भिंतीत आणखी क्षार घालून आलो, असा तो प्रकार होता.

आता पश्चिमेचीच भिंत का, हे पाहू. आपल्याकडचा पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. पाऊस सरळ पडत नाही, तो वाऱ्याबरोबर तिरका येऊन भिंतीवर आदळतो, आणि असा मारा सर्वांत जास्त बसतो तो भिंतीच्या वरच्या कडेला आणि कोपऱ्यांना. सातारा जिल्ह्यात पावसाचे प्रमाण थोड्या अंतरात फार बदलते. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि माण-खटावच्या पट्ट्यात तो साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. सातारा शहर या दोहोंच्या मध्ये असले तरी जुलै-ऑगस्टमध्ये सलग कित्येक दिवस झड लागते, आणि भिंतीच्या दृष्टीने एकूण पावसापेक्षा हे न वाळण्याचे दिवस अधिक महत्त्वाचे असतात. जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. साताऱ्याच्या पेठांमधले जे वाडे अजून उभे आहेत, त्यांची वळचण भिंतीपासून चांगली दोन-दोन फूट बाहेर आलेली दिसते आणि पागोळ्या भिंतीला न शिवता खाली पडतात. महाबळेश्वर-पाचगणीकडे तर पावसाळ्याआधी पश्चिमेच्या अंगाला गवताच्या किंवा प्लॅस्टिकच्या ताट्या बांधतात. आपण सपाट गच्ची केली, वळचण काढून टाकली आणि वीट उघडी ठेवली; म्हणजे वळचण जे काम करीत होती ते आता कठड्याच्या माथ्याने, छज्ज्याने आणि खिडकीखालच्या फरशीने करायचे आहे. आपल्या घरात ते काम नीट होत नसावे, असा माझा प्राथमिक अंदाज आहे.

अंदाज तपासण्यासाठी एक वाटी पाणी, थोडे पांढरे व्हिनेगर आणि कपडे पांढरे करण्याचे ब्लीच एवढे साहित्य पुरते. पांढऱ्या थरावर ओले बोट फिरवावे. तो लगेच विरघळून नाहीसा झाला तर ते पाण्यात विरघळणारे क्षार आहेत, ज्याला आपण लोणा म्हणतो. विरघळला नाही, तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे येऊन तो फसफसला तर तो चुन्याचा थर आहे. काळ्या ओघळावर ब्लीचचा एक थेंब टाकून पाच-दहा मिनिटे थांबावे. रंग फिका पडला तर ते शेवाळ किंवा बुरशी आहे; फिका पडला नाही तर धूळ, काजळी किंवा दुसरे काही आहे. या दोन चाचण्या वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी कराव्यात, कारण ब्लीच आणि कोणतेही आम्ल एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. साधी सूचना वाटेल, पण परांचीवर उभे राहून घाईत काम करणाऱ्या माणसाच्या हातून नेमकी हीच चूक होते.

खिडकीखालच्या पांढऱ्या थराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. हा थर बहुधा सोडियम, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमच्या सल्फेटचा असतो. हे क्षार विटेच्या मातीतून येतात, सिमेंटमधून येतात, आणि बांधकामाला वापरलेल्या पाण्यातूनही येतात. कृष्णा-कोयनेच्या काठच्या वीटभट्ट्यांना नदीकाठची गाळाची माती मिळते, आणि ती चांगली असते. पण जास्त पाणी देऊन देऊन क्षारपड झालेली जमीन सांगली-मिरजेपासून कराडपर्यंत कृष्णाकाठी पुष्कळ आहे, आणि अशा रानातली माती भट्टीवर गेली की तिच्यातले क्षार विटेबरोबर आपल्या भिंतीत येतात. वीट नीट भाजलेली नसेल तर प्रश्न आणखी वाढतो. पिवळसर, कमी भाजलेली वीट एकमेकींवर आपटल्यावर टणटणीत वाजत नाही, पाणी अधिक पिते आणि क्षारही सहज सोडते. बोअरच्या खाऱ्या पाण्यात माल कालवला असेल तर त्यातलाही वाटा येतो. बांधकामाच्या पाण्यासाठी भारतीय मानकात सल्फेटची मर्यादा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. उन्हाळ्यात तळाला गेलेल्या बोअरचे पाणी ती ओलांडू शकते, आणि घर बांधताना ते कोणी तपासलेले नसते.

पण येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. क्षार विटेत असतील तर ते साऱ्याच भिंतीच्या विटांत असणार, कारण विटा एकाच भट्टीच्या आहेत. मग पांढरा थर फक्त खिडकीखालीच का दिसतो? क्षारांना बाहेर यायला पाणी लागते म्हणून. पाणी विटेत शिरते, क्षार विरघळवते, पृष्ठभागावर येऊन वाफ होऊन उडून जाते आणि क्षार तेथेच ठेवून जाते. म्हणजे पांढरा थर जेथे दिसतो तेथे, किंवा त्याच्या किंचित वर, पाणी आत शिरण्याची जागा आहे. आपल्या बाबतीत ती जागा खिडकीखालची फरशी असण्याची शक्यता मोठी आहे. विटा बदलणे शक्य नाही आणि त्यातले क्षार पूर्णपणे काढणेही शक्य नाही. शक्य आहे ते एवढेच की त्यांना बाहेर आणणारे पाणी थांबवायचे.

घर बांधताना उरलेल्या काही विटा परसात पडल्या असतील तर त्यांची तपासणी घरीच करता येते. भारतीय मानकातील पद्धत अशी की वीट उभी करून तिचे टोक २५ मिलिमीटर पाण्यात ठेवायचे, पाणी सगळे शोषले आणि उडाले की पुन्हा तितकेच घालायचे, आणि दुसऱ्यांदा वाळल्यावर विटेकडे पाहायचे. पृष्ठभागाच्या १० टक्क्यांपर्यंत पातळ थर आला तर दोष किरकोळ, ५० टक्क्यांपर्यंत आला पण भुकटी किंवा पापुद्रे निघाले नाहीत तर मध्यम, आणि त्याहून जास्त असेल तर जबर समजतात. पाणी कितपत पिते हे पाहायचे असेल तर पूर्ण कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवावी आणि पुन्हा वजन करावे. सर्वसाधारण विटेचे वजन २० टक्क्यांहून अधिक वाढता कामा नये. डाळीचा वजनकाटा यासाठी पुरतो. हा निकाल शेवटच्या निर्णयासाठी, म्हणजे वीट उघडी ठेवायची की नाही यासाठी, उपयोगी पडेल.

एक वेगळा पांढरा डागही असतो, आणि त्याची याच्याशी गल्लत करू नये. कठड्याच्या तळाशी, स्लॅब आणि विटा जेथे मिळतात त्या रेषेतून मेणबत्तीच्या मेणासारखे घट्ट पांढरे ओघळ उतरलेले दिसले, तर तो चुना आहे. गच्चीवर साचलेले पाणी काँक्रीटच्या भेगेतून उतरताना त्यातला चुना बरोबर आणते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचा दगडासारखा थर बनतो. व्हिनेगरने फसफसणारा तो हाच. असा एक जरी ओघळ आढळला, तरी प्रश्न भिंतीचा न राहता गच्चीच्या जलरोधक कोब्याचा होतो, आणि कठड्याच्या पायथ्याचा वाटा, म्हणजे कठडा व गच्ची मिळतात त्या कोपऱ्यातला मालाचा गोलसर उतार, फुटला आहे का ते आधी पाहावे लागते. विटेच्या पृष्ठभागावर नखाएवढे खड्डे पडून प्रत्येकाच्या मध्ये पांढरा ठिपका दिसत असेल, तर तो मातीत राहिलेल्या चुनखडीच्या खड्याचा प्रताप आहे. तो खडा भाजला जाऊन नंतर ओलीने फुगतो. त्याला घाबरण्याचे कारण नाही आणि त्यावर वेगळा उपायही नाही.

काळ्या ओघळांकडे वळू. नील-हरित शैवाल ओल्या विटेवर वाढते, आणि वाळल्यावर काळे दिसते, म्हणून लोक त्याला धूर किंवा जुना मळ समजतात. ते सर्वत्र येत नाही. पाऊस थांबल्यानंतरही जी रेघ कित्येक तास ओली राहते, तेवढीच रेघ काळी पडते. त्यामुळे कठड्याखालच्या प्रत्येक काळ्या ओघळाच्या बरोबर वर, कठड्याच्या माथ्यावर काय आहे ते गच्चीवर जाऊन पाहावे. माझ्या अनुभवात दहापैकी आठ घरांत तेथे दोन फरशांमधला उघडा सांधा किंवा माथ्यावरच्या गिलाव्याची भेग सापडते. माथ्यावरचा थर भिंतीच्या रेषेतच संपवलेला असतो, पुढे काढलेला नसतो. पाणी माथ्यावरून कडेला येते, कडेवरून वळून विटेवर उतरते आणि शेवटपर्यंत भिंतीला चिकटून खाली जाते. कठड्याच्या दोन्ही बाजूंना पाऊस लागतो आणि वरूनही लागतो, म्हणून साऱ्या घरात सर्वांत भिजणारी भिंत तीच असते. आणि नेमकी तीच सर्वांत शेवटी, पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आल्यावर बांधली जाते.

बाल्कनीच्या तांबूस पट्ट्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. ग्रिलच्या पायापासून किंवा पाइपाच्या क्लॅम्पपासून खाली उतरणारा तांबडा ओघळ हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे. लोखंड घासून, रेड ऑक्साइड लावून, रंगवून तो मिटतो. पण तोच पट्टा बाल्कनीच्या स्लॅबच्या खालच्या कडेला सरळ रेषेत असेल, तेथे केसासारखी भेग दिसत असेल किंवा हातोडीच्या दांड्याने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आतली सळई गंजते आहे. गंजताना सळई फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. हे काम रंगाऱ्याचे नाही, गवंड्याचेही नाही. यासाठी संरचना अभियंत्याला प्रत्यक्ष दाखवावे, आणि ते होईपर्यंत त्या बाल्कनीत जड कुंड्या ठेवू नयेत.

जोत्यालगतची हिरवट पट्टी बहुधा उडणाऱ्या पाण्याची आहे. जमिनीवर आपटलेला पाऊस फूट-दीड फुटापर्यंत चिखलासह भिंतीवर उडतो. भिंतीला लागून बागेची माती चढवली असेल तर ती जोत्याच्या खाली उतरवावी, घराभोवती दोन-अडीच फूट रुंदीचा बाहेर उतार असलेला कोबा असावा आणि त्याच्या कडेला खडीचा पट्टा टाकावा म्हणजे पाणी उडत नाही. ही पट्टी डिसेंबरपर्यंत वाळून गेली तर एवढे पुरे आहे. फेब्रुवारीतही ती ओली राहिली आणि कमरेच्या उंचीपर्यंत चढली, तर मात्र जमिनीतून ओल वर येते आहे, आणि तो वेगळाच विषय होतो.

पाणी नेमके कोठून शिरते याची खात्री करण्यासाठी पाऊस उघडल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यानंतर, नळीने पाणी सोडून पाहावे. यात एक नियम पाळावा लागतो: खालून वर जायचे. बहुतेक जण नळी आधी गच्चीवर नेतात. मग पाणी साऱ्या भिंतीवरून वाहते आणि ते कोठून आत गेले हे काहीच कळत नाही. आधी खिडकीच्या खालच्या विटांवर १५-२० मिनिटे साधी धार सोडावी, जोराची नको. आतून भिंतीवर ओल दिसते का ते पाहावे. मग खिडकीखालच्या फरशीवर, मग चौकटीच्या बाजूंच्या सांध्यावर, मग वरच्या छज्ज्यावर, आणि सर्वांत शेवटी कठड्याच्या माथ्यावर. एकाने बाहेर नळी धरावी आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन उभे राहावे, आणि प्रत्येक टप्प्याची वेळ लिहावी. नऊ इंची भिंतीतून पाणी आत यायला वेळ लागतो, म्हणून घाई केली तर खालच्या टप्प्याचा दोष वरच्या टप्प्यावर जातो.

दुरुस्तीची सुरुवात कठड्यापासून करावी. माथ्यावर कडाप्पा, ग्रॅनाइट किंवा शहाबादी फरशीची अखंड पट्टी बसवावी, ती दोन्ही बाजूंना भिंतीच्या पुढे ४० ते ५० मिलिमीटर येऊ द्यावी आणि तिला गच्चीच्या आतल्या बाजूला उतार द्यावा, म्हणजे माथ्यावरचे पाणी दर्शनी भिंतीवर न येता गच्चीच्या पन्हळीकडे जाते. फरशी बसवण्याआधी विटांवर जलरोधक लेप द्यावा, कारण सांधे आज ना उद्या उघडतातच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला, कडेपासून साधारण २५ मिलिमीटर आत, दहा-बारा मिलिमीटर रुंद खाच कटर मशीनने मारून घ्यावी. पाणी फरशीच्या खालून भिंतीकडे सरकत येते, ते या खाचेपाशी अडते आणि थेंब होऊन खाली पडते. एवढीशी खाच, आणि दगडकाम करणारा तिला हमखास विसरतो. फरशी बसवण्याआधी ती उलटी करून खाच आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावी. एकदा ती बसली की शिडी लावल्याशिवाय दिसत नाही.

खिडकीखालच्या फरशीलाही हेच नियम लागू आहेत, फक्त उतार बाहेरच्या बाजूला हवा. आपल्या घराची छायाचित्रे मी पाहिलेली नाहीत, तरी विचारतो: ही फरशी भिंतीच्या रेषेतच संपते का, आणि तिची दोन्ही टोके बाजूच्या विटांत शिरलेली आहेत की चौकटीच्या रुंदीपुरतीच कापलेली आहेत? टोके आखूड असतील तर पाणी दोन्ही कोपऱ्यांत उतरते आणि पांढरा डाग मिशांसारखा दोन बाजूंना खाली लोंबतो. तसा आकार असेल तर फरशी काढून लांब बसवण्याखेरीज टिकाऊ उपाय नाही. सिलिकॉनची नळी मारून दोन पावसाळे निघतात, तिसरा निघत नाही. छज्ज्याच्या खाचेच्या बाबतीत एवढेच सांगतो की ती भिंतीपर्यंत न नेता दोन इंच अलीकडे थांबवावी, नाहीतर खाचच पाण्याला भिंतीकडे नेते.

त्यानंतर दर्जा. जेथे माल भुसभुशीत झाला आहे किंवा विटेपासून सुटला आहे, तेवढ्याच दर्जा १५ ते २० मिलिमीटर खोल उकरून काढाव्यात. हे छिन्नीने हाताने करावे. घाईत ग्राइंडर चालवला की विटांच्या कडा कापल्या जातात आणि ते नुकसान कायमचे राहते. भरताना एकास तीन असा कडक सिमेंटचा माल वापरण्याची आपल्या गवंड्यांना सवय आहे, आणि ती साध्या मऊ विटेला घातक आहे. कडक दर्जेतून वाफ बाहेर पडत नाही, सगळी ओल विटेच्या तोंडातून बाहेर येते, आणि काही वर्षांनी दर्जा शाबूत राहून विटाच आत झिजलेल्या दिसतात. एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग चाळलेली वाळू किंवा क्रश सँड असा माल घ्यावा. आधी दर्जा ओली करावी, माल दाबून भरावा, आणि सात दिवस हलके पाणी मारत राहावे. पाण्यासाठी नगरपालिकेचा नळ वापरावा, बोअर नको.

ही कामे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरकली की भिंतीला वाळू द्यावे. पूर्ण भिजलेली नऊ इंची भिंत वाळायला काही महिने घेते. इंचाला महिना हा आमच्याकडचा ढोबळ हिशेब आहे. या काळात आपल्याला एक गोष्ट अस्वस्थ करील: पांढरा थर कमी न होता वाढेल. हे अपेक्षितच आहे. थंडीत भिंत सावकाश वाळते आणि आत साठलेले क्षार शेवटचे पाणी संपेपर्यंत बाहेर येत राहतात. दर पंधरवड्याला कोरड्या नायलॉनच्या ब्रशने तो झाडावा आणि खाली पडलेली भुकटी गोळा करून बाहेर टाकावी. पाण्याने धुऊ नये, कारण क्षार विरघळून पुन्हा विटेत जातात. तारेचा ब्रश तर मुळीच नको. त्याचे बारीक तुकडे विटेत अडकतात आणि नंतर गंजाचे ठिपके उठतात.

काळ्या आणि हिरव्या डागांसाठी ब्लीचच्या एका भागात चार भाग पाणी घालून फवारावे, १५-२० मिनिटे ठेवावे, मऊ ब्रशने घासावे आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. खालची झाडे आधी भिजवून प्लॅस्टिकने झाकावीत. हे काम दर्जा भरण्याच्या आधी करावे. ग्रिलच्या गंजाचे ओघळ ऑक्झॅलिक आम्लाने निघतात. लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम पूड विरघळवून ते पाणी टाल्कम पावडरीत कालवावे, तो लगदा डागावर थापावा, वाळल्यावर काढून धुवावे. पूड विषारी आहे, म्हणून हातमोजे घालावेत आणि डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नये. जोरदार दाबाच्या पंपाने भिंत धुण्याची जी टूम हल्ली निघाली आहे, तिने डाग झटपट जातात खरे, पण विटेचे भाजलेले वरचे कातडे सोलले जाते आणि पाणी खोलवर घुसते.

आता त्या चकचकीत कोटाबद्दल. लाखेसारखा किंवा वॉर्निशसारखा पापुद्रा धरणारा कोणताही कोट बाहेरून पाणी अडवतो तसाच आतली वाफही अडवतो. भेगांतून आणि कठड्यावरून पाणी शिरतच राहते, पण बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि क्षार कोटाच्या मागे, विटेच्या आत जमू लागतात. सोडियम सल्फेट ओलावा घेऊन स्फटिक बनते तेव्हा त्याचे आकारमान जवळपास चौपट होते. त्या जोराने विटेचे तोंड पापुद्र्यासारखे उडून जाते. बाहेर आलेला पांढरा थर निदान झाडून काढता येतो. कोट हवाच असेल तर पापुद्रा न धरणारे, विटेत मुरणारे आणि वाफ जाऊ देणारे सिलेन-सिलॉक्सेनचे जलप्रतिबंधक द्रव्य घ्यावे. तेही भिंत पूर्ण वाळल्यावर, एप्रिलमध्ये, वळवाच्या पावसाआधी, आणि आधी एका कोपऱ्यात चौरस मीटरभर लावून पाहिल्यावर. त्याने भेग बुजत नाही आणि जमिनीतली ओलही थांबत नाही. कठडा आणि फरशा दुरुस्त केल्यावर निम्म्या घरांना त्याची गरज पडत नाही, म्हणून मी तरी एक पावसाळा जाऊ देऊन मगच त्यावर खर्च करायला सांगेन.

राहता राहिला गिलाव्याचा प्रश्न. विटांच्या चाचणीत वजनातली वाढ २० टक्क्यांच्या आत राहिली आणि क्षारांचा दोष किरकोळ किंवा मध्यम आला, तर वीट उघडी ठेवण्यास काही हरकत नाही. दोन्ही निकाल वाईट आले, आणि वरची सगळी कामे करूनही पुढच्या ऑगस्टमध्ये आतल्या खोलीची भिंत ओली झाली, तर ती वीट साताऱ्याच्या पश्चिमेच्या माऱ्यापुढे उघडी ठेवण्याच्या लायकीची नाही असे समजावे. अशा वेळी क्षार झाडून, भिंत वाळवून, चुना मिसळलेल्या मालाचा दोन थरांचा गिलावा फक्त पश्चिमेच्या भिंतीला करून घ्यावा आणि त्यावर वाफ जाऊ देणारा बाहेरचा रंग द्यावा. बाकीच्या तीन भिंतींना पाऊस तितका लागत नाही; त्या लाल विटांच्याच राहू द्याव्यात.